स्टेंटमध्ये गुठळी : ओळखायची कशी, पहिल्या तासात काय करायचं आणि गोळी का तुटू द्यायची नाही

वैनगंगाकाठ

आपल्याकडे "स्प्रिंग टाकली" म्हणतात. माणूस नागपूरहून तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावात परततो, भेटायला येणारे नारळ-केळी घेऊन येतात, आणि घरच्यांना वाटतं की नळीतला अडथळा निघाला, आता भीती गेली. पण पुढचे ३० दिवस सर्वांत जपायचे असतात. स्टेंट ही धातूची जाळी आहे आणि रक्तासाठी ती परकी. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हळूहळू त्या तारांवर चढतं. ते पूर्ण चढेपर्यंत प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणारे बारीक कण, उघड्या तारांना चिकटू पाहतात. त्यांना थोपवून धरतात त्या दोन गोळ्या : अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक.

काळानुसार गुठळीचे प्रकार करतात. पहिले २४ तास, मग ३० दिवसांपर्यंत, मग वर्षापर्यंत, आणि वर्षानंतर. निम्म्याहून जास्त घटना पहिल्या महिन्यातच होतात. आजच्या औषध लावलेल्या स्टेंटमध्ये वर्षभरात शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी रुग्णांना हे होतं. आकडा लहान आहे. पण ज्याला होतं त्याची रक्तवाहिनी काही मिनिटांत पूर्ण बंद होते, आणि पाचातला एक तरी दगावतो. म्हणून हा धागा.

एक गल्लत आधीच दूर करतो. स्टेंट "पुन्हा ब्लॉक होणं" आणि स्टेंटमध्ये गुठळी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात जाळीच्या आत पेशी वाढून जागा अरुंद होते. त्याला महिने लागतात. माणूस सांगतो, "आधी बांधापर्यंत चालत होतो, आता विहिरीपाशीच छाती भरते." त्याला दवाखान्यात दाखवायला एक-दोन दिवस असतात. गुठळी मात्र अचानक, बसल्या जागी, झोपेतही होते. तिला मिनिटांचा हिशोब असतो.

डॉ_ग्रामीण

चांगला धागा. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत उपयोगी पडेल असं लिहितो.

स्टेंटनंतर पहिले काही दिवस छातीत बारीक टोचल्यासारखं बऱ्याच जणांना होतं. ते बोट ठेवून दाखवता येतं, दाबलं की दुखतं, श्वास घेताना वाढतं, काही सेकंदांत जातं. त्याला घाबरायचं कारण नाही. गुठळीचं दुखणं तळहात पसरून दाखवतात. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा छातीच्या खड्ड्यात जाते, अंगाला दरदरून थंड घाम फुटतो, उलटी येते, जीव कासावीस होतो. स्टेंट टाकायच्या आधी जे दुखलं होतं, अगदी तसंच दुखत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. रुग्णाला एवढंच विचारा, "हे पहिल्यासारखंच आहे का?" पुष्कळदा तिथंच उत्तर मिळतं.

मधुमेह असलेल्यांना आणि म्हाताऱ्या बायांना दुखत नाहीही. नुसता दम लागतो, घाम येतो, "घाबरं घाबरं होते" म्हणतात. आणि आपल्याकडचा सर्वांत घातक शब्द म्हणजे "गॅस". स्टेंटवाल्या माणसाला गॅस झाला असं ईसीजी काढल्याशिवाय कोणीही म्हणू नये, दवाखान्यात तर नाहीच नाही.

ईसीजी १० मिनिटांत निघाला पाहिजे. पहिला साधारण आला म्हणून घरी पाठवू नका. दुखत असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा. हृदयाच्या खालच्या भागातला झटका दिसला तर छातीच्या उजव्या बाजूची ईसीजीची जोडणी, म्हणजे व्ही-४-आर लीडही लावा. आणि डिस्चार्जच्या वेळचा ईसीजी शेजारी ठेवून तुलना करा. जुन्या झटक्याचे बदल कागदावर तसेच राहतात, त्यांनी फसायला होतं. म्हणून त्या ईसीजीची झेरॉक्स आणि मोबाईलमधला फोटो घरच्यांकडे हवाच. थर्मल कागदावरची शाई वर्ष-दोन वर्षांत उडते.

ट्रोपोनिनबद्दल (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) : झटका येऊन स्टेंट टाकला असेल तर ट्रोपोनिन १० ते १४ दिवस वाढलेलंच राहू शकतं. त्या काळात एकदाच "पॉझिटिव्ह" आलं याचा अर्थ लागत नाही. काही तासांनी पुन्हा काढून वाढतंय का ते बघायचं. पण ईसीजीत एसटी (रेषेतला एक भाग) उचललेली असेल तर ट्रोपोनिनची वाट पाहणं म्हणजे स्नायू मरू देणं.

गटप्रवर्तक_ताई

डॉक्टरसाहेब, आशाताईंना गावात सांगता येईल असं पहिल्या १५ मिनिटांचं लिहा ना. दुखायला लागलं की घरात दहा माणसं जमतात. कोणी पाठ चोळते, कोणी सोडा पाजते, कोणी गाडी काढते.

डॉ_ग्रामीण

ताई, क्रम असा. माणसाला आहे तिथंच भिंतीला टेकवून बसवा, चालवू नका. एकाने लगेच १०८ लावायचा आणि नुसतं "तब्येत बिघडली" न म्हणता "छातीत दुखतंय, हृदयात स्टेंट आहे, अमुक तारखेला टाकला" असं सांगायचं. दुसऱ्याने स्टेंटची फाईल आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकायच्या. डिस्प्रिनची ३५० मिलिग्रॅमची एक गोळी, किंवा ७५ च्या चार अ‍ॅस्पिरिन, चावून खायला द्यायच्या. सकाळची घेतली असली तरी. चावूनच, कारण ७५ च्या गोळीवर पोटात न विरघळणारं आवरण असतं, ती अख्खी गिळली तर असर व्हायला तास जातात. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, काळी शौच किंवा रक्ताची उलटी चालू असेल तर देऊ नका. दुसऱ्या गोळीचा वाढीव डोस मनाने देऊ नका, तो दवाखान्यात ठरतो.

सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर बसवून जिभेखाली एकच. चक्कर येत असेल, घामाने चिंब असेल, नाडी बारीक लागत असेल तर नको, बीपी आणखी पडेल. लैंगिक ताकदीची गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल तरीही नको. हे विचारायला लाज वाटते, पण विचारा. आणि सॉर्बिट्रेटने आराम पडला म्हणून १०८ परत पाठवू नका.

मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेणं टाळा. वाटेत हृदयाची लय बिघडली तर तिथं काहीच करता येत नाही. गाडी नसेलच तर जीप, मागच्या सीटवर अर्धवट टेकवून, सोबत छातीदाब येणारा माणूस. शुद्ध हरपली आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, न थांबता.

कॅथलॅबवाला

माझं लिहिणं जरा तांत्रिक आहे, पण गुठळी का होते हे कळलं की गोळी बंद करायचा हात आखडतो.

कारणं तीन ठिकाणची. पहिलं, स्टेंट नीट न बसणं : रक्तवाहिनीत चुना साठला असेल तर जाळी पूर्ण फुलत नाही, किंवा भिंतीपासून किंचित सुटी राहते, किंवा जाळीच्या टोकाशी भिंतीला चीर जाते. तिथं रक्त रेंगाळतं. लांब स्टेंट, अडीच मिलिमीटर किंवा त्याहून बारीक नळी, फाट्यावर टाकलेले दोन स्टेंट यांत धोका जास्त. दुसरं, रुग्णाचं शरीर : मधुमेह, किडनीचा आजार, कमकुवत पंपिंग, कर्करोग, तंबाखू. आणि तिसरं, गोळ्या तुटणं. पहिल्या महिन्यांत यापेक्षा मोठं टाळता येण्यासारखं कारण नाही.

क्लोपिडोग्रेलची आणखी एक गोष्ट. ही गोळी जशी घेतो तशी काम करत नाही. यकृतात तिचं रूपांतर व्हावं लागतं. ते करणारं एन्झाइम भारतीयांपैकी बऱ्याच जणांत जन्मतः मंद असतं. शिवाय ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या त्याच एन्झाइमला अडवतात. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पॅन्टोप्राझोल घ्यावं. गावात मेडिकलवाल्याकडून "गॅसची लाल कॅप्सूल" आणताना हे बघत नाहीत.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, गुठळीसाठी काय होतं : वायर पार करून फुग्याने वाट मोकळी करतात, गुठळी फार मोठी असेल तर ओढून काढतात, लागलं तर प्लेटलेट थोपवणारं टायरोफिबानसारखं इंजेक्शन देतात. मग नळीच्या आतून अल्ट्रासाऊंड किंवा ओसीटीने (प्रकाशाने आतलं चित्र काढणारी तपासणी) बघतात की मूळ दोष काय. जाळी फुललेली नसेल तर जास्त दाबाच्या कडक फुग्याने फुलवतात. नवा स्टेंट गरज असेल तरच, कारण जाळीवर जाळी म्हणजे धातू वाढला. पुढे क्लोपिडोग्रेल बदलून बहुधा टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल देतात.

हे करणाऱ्याला तुमच्या स्टेंटची माहिती लागते. कार्डावरचं स्टिकर नीट पहा. त्यावर "३.० × २८" असं काही असतं : पहिला आकडा व्यास, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. शेजारी कोणत्या नळीत टाकला ते, एलएडी, आरसीए की एलसीएक्स (हृदयाच्या मुख्य नळ्यांची छोटी नावं). आणि तारीख. हे कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, आपोआप मिळेलच असं नाही.

पऱ्हाटी

लई कामाचं लिहून राहिले तुम्ही सारे. एक सांगा बरं. आमच्या इकडे मोतीबिंदूचं शिबिर लागते तं आधीच म्हणतात का रक्त पातळ करायची गोळी आठ दिवस बंद करून या. दात काढाले गेलं तं तिथंही तेच. मंग बंद कराव का नाही? आन् उपास असला तं रिकाम्या पोटी ते गोळी घ्याव काय?

डॉ_ग्रामीण

पऱ्हाटी भाऊ, नेमकं इथंच घात होतो. डोळ्यात थेंब टाकून करतात त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहसा एकही गोळी बंद करावी लागत नाही. दात काढायलाही नाही. एका वेळी एक-दोनच दात काढायचे, कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट दाबून धरायचा, गरज पडली तर रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडने भिजवलेला. शिबिरात कार्ड दाखवा, आणि तरी बंद करा म्हणाले तर ऑपरेशन पुढं ढकला, गोळी नाही. मोतीबिंदू सहा महिने थांबतो.

हर्निया, हायड्रोसील, पित्ताशयाचे खडे अशी ठरवून करायची ऑपरेशनं : स्टेंट झटका न येता टाकला असेल तर ६ महिने, झटक्यात टाकला असेल तर १२ महिने पुढं न्यावीत. अगदीच अडलं तर कार्डिओलॉजिस्टशी बोलून दुसरी गोळी तेवढी थांबवतात : क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी, प्रासुग्रेल ७ दिवस, टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस. अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. दोन्ही एकदम बंद करायला सांगणारा कागद कोणी दिला तर तो घेऊन आधी कार्डिओलॉजिस्टकडे जा.

उपासाला गोळी चुकवायची नाही. क्लोपिडोग्रेल आणि टिकाग्रेलॉर खाण्याआधी-नंतर कधीही चालतात. अ‍ॅस्पिरिनने जळजळ होत असेल तर राजगिऱ्याचा लाडू, केळं, दूध यानंतर घ्या. देव रागावत नाही.

वैनगंगाकाठ

आता माझ्या औषधांच्या काउंटरवरचं सांगतो, कारण चूक बरेचदा तिथं होते.

पाकिटावरचं मोठं नाव सारखं आणि शेपटी वेगळी. इकोस्प्रिन एव्हीमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. इकोस्प्रिन गोल्डमध्ये या दोघांसोबत क्लोपिडोग्रेल. घरचं पोरगं येतं आणि म्हणतं, "इकोस्प्रिन द्या." त्याला एव्ही मिळाली की महिनाभर माणूस एकाच गोळीवर राहतो, आणि वाटतं की सगळं चालू आहे. उलटंही होतं. गोल्ड चालू असताना क्लोपिडोग्रेल वेगळी पण घेत राहतात, मग हिरड्यांतून रक्त येतं आणि घाबरून सगळंच बंद. म्हणून नाव पाठ करू नका, मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा. "क्लोपिडोग्रेल ७५", "टिकाग्रेलॉर ९०" किंवा "प्रासुग्रेल १०" यांपैकी एक शब्द आणि शेजारी "अ‍ॅस्पिरिन ७५", या दोन गोष्टी घरातल्या पट्ट्यांवर सापडल्याच पाहिजेत. कंपनी बदलली, घटक आणि मिलिग्रॅम तेच असले, तर हरकत नाही. जनऔषधीची पण चालते.

टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा. म्हणजे १४ गोळ्यांची पट्टी ७ दिवसांत संपते, पंधरवडा नाही. महिन्याला ६० गोळ्या. हा हिशोब लोकांच्या ध्यानात येत नाही. या गोळीने काही जणांना बसल्याबसल्या दम लागल्यासारखं होतं आणि ते तिला सोडून देतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. बदल आपल्या मनाने का नाही? कारण टिकाग्रेलॉरवरून क्लोपिडोग्रेलवर जाताना शेवटच्या डोसनंतर साधारण २४ तासांनी बहुधा ६०० मिलिग्रॅमचा भरणा, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, द्यावा लागतो. सरकारी काउंटरवर टिकाग्रेलॉर संपली म्हणून दुसऱ्या दिवसापासून एक ७५ ची क्लोपिडोग्रेल सुरू केली तर मधले काही दिवस स्टेंट उघडा पडतो.

डोस चुकला तर : क्लोपिडोग्रेल आठवल्यावर घ्या, पण पुढच्या डोसला १२ तासांहून कमी उरले असतील तर सोडून द्या. टिकाग्रेलॉरचा चुकला तर पुढचा त्याच्या वेळेला. दोन एकदम कधी नाही.

आणि ऊन. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. अ‍ॅस्पिरिन ओल धरली की फुटते. डबी उघडल्यावर शिरक्यासारखा आंबट वास आला तर ती गोळी गेली. पट्टीतच, स्टीलच्या डब्यात, माठाच्या जवळ पण माठाच्या ओलीपासून दूर, सावलीच्या कोनाड्यात. गाडीच्या डिक्कीत कधीच नाही.

गटप्रवर्तक_ताई

अंगदुखीचं पण लिहा. वेचणीच्या हंगामात, निंदणात कंबर धरते, आणि गावात लगेच सुई टोचून घेतात. आणि पावसाळ्यानंतर डेंग्यू असतोच.

डॉ_ग्रामीण

दोन्ही मुद्दे मोलाचे, ताई. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होतो आणि हृदयालाही त्या वाईट. आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनची जागाच अडवते, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन घेऊनही न घेतल्यासारखी होते. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल. कमरेत सुई घेतली तर या गोळ्यांमुळे आत रक्त साकळून मोठा गोळा होतो. कार्ड दाखवून "सुई नको" असं स्पष्ट सांगायचं. खांद्याच्या दुखण्याला सुई टोचून झटका लपतो, हे वेगळंच.

डेंग्यूत प्लेटलेट ५० हजारांच्या वर असेपर्यंत आणि रक्तस्राव नसेल तर दोन्ही गोळ्या सहसा चालू ठेवतात. त्याखाली गेल्या की भरती करून रोज मोजायच्या आणि स्टेंट किती जुना आहे त्यावर कार्डिओलॉजिस्टशी बोलून ठरवायचं. ३० हजारांखाली किंवा रक्त वाहू लागलं तर बहुधा थांबवाव्या लागतात. पण स्टेंट महिन्याच्या आतला असेल तर तो निर्णय फोनवर दोन मिनिटांत घेण्यासारखा नसतो.

किरकोळ रक्त, म्हणजे दाढी करताना, हिरडीतून, कातडीवर निळे डाग, यासाठी गोळी बंद करायची नाही. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती चिकटत नाही.

कॅथलॅबवाला

डॉक्टरसाहेब, एका गोष्टीवर बोलू. ग्रामीण रुग्णालयात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यावं की सरळ नागपूरला पाठवावं? स्टेंटमधली गुठळी प्लेटलेटने भरलेली असते, तिच्यावर इंजेक्शनचा असर कमी होतो. कॅथलॅब हाच खरा इलाज.

डॉ_ग्रामीण

मान्य. पण रस्ता बघा. धारणीहून सेमाडोह, परतवाडा घाट उतरून अमरावती गाठायला तीन तास तरी जातात. भामरागड ते नागपूर ३०० किलोमीटरच्या वर. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत कॅथलॅबमध्ये वायर पार होणार नसेल तर इंजेक्शन द्यावं, आणि देऊन तिथं थांबू नये, लगेच पुढं रवाना करावं. टेनेक्टेप्लेस वजनानुसार ३० ते ५० मिलिग्रॅम, एकाच दमात. वय ७५ किंवा वर असेल तर निम्मं. ते नसेल तर स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, ३० ते ६० मिनिटांत. मात्र स्ट्रेप्टोकायनेज आधीच्या झटक्याला दिलं असेल तर पुन्हा नको, शरीरात त्याविरुद्ध प्रतिकार तयार झालेला असतो. म्हणून "आधी कोणतं इंजेक्शन दिलं होतं" हे फाईलमध्ये शोधा. मेंदूत कधीही रक्तस्राव झालेला, गेल्या काही महिन्यांत लकवा, चालू रक्तस्राव, किंवा स्टेंट कालच मांडीतून टाकलेला, अशांना देऊ नये. दोन गोळ्या चालू आहेत एवढ्या कारणाने नाकारू नये.

६० ते ९० मिनिटांनी ईसीजी. एसटी निम्म्याने खाली आली नाही तर कॅथलॅबला कळवायचं की तातडीने घ्यावं लागणार. निघण्याआधीच ईसीजीचा फोटो तिथं पाठवून ठेवला तर दारात अर्धा तास वाचतो.

कॅथलॅबवाला

बरोबर. १२० मिनिटांचा काटा मीच विसरलो होतो. एक जोड : घरच्यांनी आजच, सगळं ठीक असताना, विचारून ठेवावं की आपल्याला सर्वांत जवळची रात्रीही चालणारी कॅथलॅब कुठे आणि ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स स्टेंटच्या फाईलमध्येच ठेवा. रात्री २ वाजता पेटी उघडत बसायची वेळ येऊ नये.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. गडचिरोली-चंद्रपूरकडे गोळी घेतल्यावर तोंडात खर्रा जातो. धूर नाही म्हणून हृदयाला त्रास नाही असा समज आहे. तंबाखूतलं निकोटिन धूर नसतानाही नाडी आणि बीपी वाढवतं, नळ्या आवळतं.

पऱ्हाटी

आमच्या भामरागडकडच्या पाव्हण्याले स्टेंट हाय. पावसाळ्यात पर्लकोटेले पूर आला का रस्ता बंद होते, चार-चार दिवस. तवा गोळी कुठून आणाव?

वैनगंगाकाठ

भाऊ, त्यांच्यासाठी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन महिन्यांचा तरी साठा घरात पाहिजे. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "९० दिवस" असं लिहून घ्या, म्हणजे कोणी एकदम द्यायला आढेवेढे घेणार नाही. १० गोळ्या उरल्या की नवीन आणायच्या, संपल्यावर नाही. त्यातल्या ५ दिवसांच्या गोळ्या वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, स्टेंटच्या कार्डासोबत, घरातून निघायची वेळ आली तर हाताशी येतील अशा ठेवा. शेगावच्या पायी वारीला जाणाऱ्यांनीही हेच करावं.

आणि घेताना अख्खी पट्टी मागा. सुट्या कापून दिल्या तर मुदतीची तारीख ज्या टोकावर छापलेली असते ते टोक दुकानातच राहतं. घरी वापरतानाही गोळी दुसऱ्या टोकाकडून काढत या, तारखेचा तुकडा शेवटी.